गुरुवारची तपासणी

मुंबई,
१४ नोव्हेंबर १९९३

ति. रखमामावशी,
पाया पडते.

दिवाळीला येते म्हणाले आणि आले नाही. रागावली असशील. पण कारण ऐकलंस की राग जाईल. मला काम मिळालं! वकिलीची परीक्षा झाल्यावर कुणाच्या तरी हाताखाली फायली उचलत बसावं लागणार, असंच मी धरून चालले होते. पण विद्यापीठात एक विधी साहाय्य केंद्र आहे. हवा-पाणी नासल्यामुळे ज्यांच्या पोटावर पाय येतो, अशा लोकांचे खटले ते फुकट चालवतात. तिथे मी संशोधन साहाय्यक म्हणून लागले. नाव मोठं, काम साधं. जुने निकाल शोधायचे, वर्तमानपत्रांची कात्रणं लावायची, लोकांकडे जाऊन ते सांगतात ते लिहून घ्यायचं आणि कोर्टाला कळेल अशा भाषेत मांडायचं.

केंद्राच्या प्रमुख एक प्राध्यापिका आहेत, त्यांना आम्ही सगळे मॅडमच म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "मूळची कुठली?" मी म्हटलं, तारापूरजवळची, वरखाडीची. आई गेल्यावर मावशीनं वाढवलं. त्यांनी कपाटातून एक पातळशी फाईल काढली. आत एकच पोस्टकार्ड. तीन वर्षांपूर्वीचं. 'आमच्या वरखाडीच्या खाडीला रंगाच्या कारखान्याचं पाणी येतं. मासा मरतो. कोणी येऊन बघा.' खाली सही नाही. मावशी, मी इथे वसतिगृहात बसून कायद्याची पुस्तकं पाठ करत होते आणि माझ्याच गावचं कार्ड चार इमारती पलीकडे कपाटात पडून होतं.

"तेव्हा माणूस नव्हता पाठवायला," मॅडम म्हणाल्या. "आता तू आहेस."

मला सगळं लिहून कळव. पाणी कधीपासून बिघडलं, कुठली मासळी गेली, कोणाची होडी बंद पडली. लोक बोलतील का? धर्माजीकाकांना विचार. तुझा आत्माराम काय करतो? त्याला म्हणावं, ताईला दोन ओळी लिहायला हात झिजत नाही.

तुझी,
दमू


वरखाडी,
२ डिसेंबर १९९३

चि. दमू,
मावशीचा हात तुज्या डोक्यावर.

अक्षर वाकडं येईल, समजून घे. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच.

तुजं पत्र आलं तवा मी आख्ख्या आळीला सांगितलं, माजी पोर कोर्टात गेली. धर्माजी म्हणाला, "कोर्टात गेली का कोर्टानं नेली?" त्याची जीभ तशीच हाय. मंग मी त्याला खाडीचं बोलले तर म्हणाला, "आदी अणुशक्तीवाले कागद घेऊन आले, मंग कारखान्यांसाठी जमीन मोजणारे कागद घेऊन आले. आता आपलीच पोरगी कागद घेऊन येते. कागद आला की आपलं कायतरी जातं." पण तू आलीस तर तो बोलेल. त्याचा मासेमारीचा पडाव दोन वरसं किनाऱ्यावर उपडा पडलाय.

खाडीचं काय सांगू. पूर्वी ओहोटीला उतरलं की घटकेत टोपलीभर निवट्या निघायच्या, तू पण काढल्यास. आता चिखलात पाय घातला की रात्रभर जळजळ. कारखान्यात जो रंग होतो तो रंग आमच्या पाण्याला. कदी लाल, कदी पिवळा, कदी दौतीतल्या शाईसारखा. गणपतीच्या आदी बोयी पोटं वर करून किनाऱ्याला लागल्या, तर कावळे पण खाईनात. कालवं गेली. चिंबोरी गेली. पालघरच्या बाजारात बायका विचारतात, मासळी कुठली? वरखाडी म्हटलं की टोपलीवरून हात मागे घेतात. मी आता सातपाटीवरनं माल आणते नि गाव पण सातपाटीच सांगते. आपल्या गावाचं नाव लपवायचं, ह्या वयात.

आत्मू बरा हाय. बोईसरला जातो, मिळंल ते काम करतो. तू ये.

तुजी मावशी


मुंबई,
२३ जानेवारी १९९४

ति. मावशी,

आठ दिवस तुझ्या हातचं खाऊन आले आणि इथलं जेवण घशाखाली उतरेना झालंय.

कामाचं सांगते. खाडीतून भरलेल्या बारा बाटल्यांपैकी दहा प्रयोगशाळेनं घेतल्या. दोन बाटल्यांचं सील वाटेत हललं म्हणून त्या नाकारल्या. नेमक्या त्याच दोन, कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी भरलेल्या. मी रडकुंडीला आले. मॅडम म्हणाल्या, "दहा आहेत ना? दहांवर भांडू."

एकतीस जणांची प्रतिज्ञापत्रं झाली. कोणाची सही, कोणाचा अंगठा. ती इंग्रजीत करताना माझी फजिती झाली. चिखलात उड्या मारणाऱ्या निवटी माशाला काय म्हणायचं? शब्दकोशात जे सापडलं ते वाचून मॅडमच्या वकील मित्रांना बेडूक वाटला. शेवटी सगळीकडे नुसतं 'मासे' लिहिलं. धर्माजीकाकांनी अर्धा तास एकेका मासळीचं नाव घेऊन सांगितलं होतं, कुठली कोणत्या भरतीला यायची, कुठलीच्या अंगाला कसला वास. कागदावर त्याचे दोन शब्द उरले. ते मला फार लागलं.

तुझ्या प्रतिज्ञापत्रात मी एक गोष्ट घातली आहे. दोरीवर आत्मारामचा पंचा वाळत होता, पार पिवळाधमक झालेला. खाडीलगतच्या विहिरीच्या पाण्यानं कपड्यांना रंग चढतो, असं लिहिलं. मी वाचून दाखवल्यावर तू मान हलवलीस, म्हणजे बरोबर असेल.

आठ दिवसांत आत्माराम मला धड भेटलाच नाही. सकाळी मी उठायच्या आत गेलेला आणि आला की न बोलता जेवून पडवीत आडवा. मी काही विचारलं तर "हं" आणि "नाय". लहानपणी माझ्या पाठीवर बसून खाडी पार करणारा पोरगा, चोवीस वर्षांचा झाल्यावर असा परका झाला. माझं काही चुकलं का?

याचिका गेल्या मंगळवारी दाखल झाली. पहिल्या पानावर तुम्हा एकतीस जणांची नावं आहेत.

तुझी,
दमू


वरखाडी,
२० मार्च १९९४

चि. दमू,

आत्मूचं मनावर घेऊ नको. तो थकून येतो.

हिकडं वारं फिरलं. कारखान्याचे दोन साहेब जीप घेऊन आले, देवळापाशी बसले. गोड बोलले. गावाला पाण्याची टाकी बांधून देतो म्हणाले. गावातल्या पोरांना कामाला घेऊ म्हणाले. मंग एकतिसातले सहा जण मला येऊन म्हणाले, आमचं नाव काढता येतं का विचार. धर्माजीनं त्यांना शिव्या घातल्या. आता ती घरं नि ही घरं एकमेकांच्या ओटीवर बसत नाय. सत्यनारायणाला मला दोन घरी बोलावलं नाय. मला त्याचं काय वाटत नाय, पण वाटलं.

एक विचारते. तुज्या कोर्टानं कारखाना बंद केला, तर त्यात जे कामाला हायत त्यांचं काय होणार? तेबी कोणाची पोरं हायत. खाडीत मासा नाय, होड्या विकल्या, मंग माणूस कुठं जाईल? मॅडमना विचार नि कळव.

तुजी मावशी


मुंबई,
११ मे १९९४

ति. मावशी,

तू विचारलेलं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, आपण कारखाना बंद करा म्हणत नाही, पाणी साफ करून सोडा म्हणतो. गावातल्या लोकांनी तुला घाबरवलं आहे, हे मला पत्रावरून कळलं. घाबरू नकोस.

आता बातमी. कोर्टानं तपासणी समिती नेमली! सुट्टी लागायच्या आधी शेवटच्या आठवड्यात हुकूम झाला. समिती अचानक जाऊन कारखान्याच्या टाक्या बघणार, नळाच्या तोंडाशी पाणी भरून घेणार. अचानक म्हणजे कारखान्याला न कळवता. अर्जदारांच्या बाजूनं मॅडमना हजर राहायचं आहे म्हणून फक्त त्यांना तारीख सांगितली आणि त्यांच्या टिपणवहीची नक्कल मी करते म्हणून मला कळली. त्यांनी बजावलंय, ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये.

पण मावशी, तुला सांगितल्याशिवाय कसं होईल? समिती आली आणि खाडीवर चिटपाखरूही नसलं, तर काय बघणार ते? धर्माजीकाका आणि आणखी चार जण जाळी घेऊन तिथे असले पाहिजेत. जाळ्याला कसला चिकटा लागतो ते दाखवायला. तर लक्षात ठेव : गुरुवार, २६ मे, सकाळी अकरा. काकांनाही आदल्या संध्याकाळीच सांग, त्याआधी नको. आणि हे पत्र वाचलंस की चुलीत घाल.

सहा महिन्यांत पहिल्यांदा मला वाटतंय की काहीतरी होईल.

तुझी,
दमू


तार
बोईसर, २१ मे १९९४

आत्माराम गेला. लगेच निघ.
धर्माजी


मुंबई,
१२ जून १९९४

ति. मावशी,

अक्षर मोठं काढते आहे. तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि बारीक अक्षर तुला वर्षभरापासून दिसत नाही, हे मला तेराव्याला कळलं. माझी सगळी पत्रं तुला आत्माराम वाचून दाखवत होता, हेही तेव्हाच कळलं. तू सांगितलं नाहीस, धर्माजीकाकांनी सहज बोलण्यात सांगितलं. त्या वेळी घर माणसांनी भरलेलं होतं, म्हणून मी काही विचारलं नाही.

आधी तपासणीचं सांगते. तू घरात आत्मारामच्या फोटोपुढे बसली होतीस, तेव्हा मी मॅडमबरोबर कारखान्यात होते. मला जाववत नव्हतं, पण गेले. टाक्या घासून धुतलेल्या. काठाला ताजा चुना. नळातून स्वच्छ पाणी वाहत होतं. समितीतल्या एका गृहस्थांनी ओंजळीत घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "काहीच नाही." ज्या टाकीतून पाच दिवसांपूर्वी आत्मारामला काढलं, ती कोणती ते मी विचारलं. कोणी सांगितलं नाही.

कंपनी म्हणते, तो आमच्याकडे कामालाच नव्हता. भंगार चोरायला कुंपणावरून आत आलेले दोघे जण होते, असं त्यांचं म्हणणं. ठेकेदाराच्या हजेरीत दोघांचीही नावं नाहीत.

दुसऱ्याचं नाव मी शोधलं. जिवल्या. मनोरच्या पुढे खडकीपाडा आहे, तिथला. त्याचा मेव्हणा नवशा त्याच ठेकेदाराकडे कामाला आहे, तो मला पालघरच्या दवाखान्याबाहेर भेटला. प्रेताजवळ बसला होता. तो जे बोलला ते तसंच लिहिते. म्हणाला, "टाकीत वरीसभराचा गाळ होता. शनवारी साहेब आला नि वरडाया लागला, जल्दी साफ करो, गुरुवार को कमिटी आ रही है. जिवल्या पयला उतरला. दोन मिनटांत गप झाला. आमी वरनं हाका मारल्या. साहेब बोलला, थांबा, कोनी उतरू नका. तर तुमचा आत्माराम बोलला, माज्यापायी उतरलाय तो. असं बोलला नि उडी टाकली."

मावशी, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्यापायी उतरलाय तो. नवशाला त्याचा अर्थ कळला नव्हता.

आत्माराम त्या कारखान्यात कामाला होता, हे तू मला का नाही सांगितलंस? कधीपासून होता? आणि गुरुवारची तारीख त्या साहेबाला कशी कळली? मॅडम, समितीचे तिघे आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक होती. आणि ते पत्र ज्यानं वाचलं त्याला.

तू कामाचं प्रतिज्ञापत्र दिलंस तर कंपनीला तो आमचा नव्हे असं म्हणता येणार नाही. पण मला खरं सांग. मी तुझ्यावर रागावलेली नाही. रागावायला मी कोण?

दमू


वरखाडी,
२७ जून १९९४

चि. दमू,

तू विचारलंस, सांगते. आदी सांगायला पायजे होतं.

आत्मू मागल्या पावसाळ्याच्या तोंडाला त्या कारखान्यात लागला. ठेक्यावर. पिशव्या उचलायचा, टाक्यांकडं बघायचा. तो पिवळा पंचा कामावरचा होता. तू वाचून दाखवलंस तवा मी मान हलवली. खरं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मावशी, आपण ज्यांच्यावर खटला करतो त्यांचंच तुजा पोरगा खातो. मला लाज वाटली. त्याला माज्याहून जास्त. म्हणून तू आलीस की तो तोंड चुकवायचा. तुजं काय चुकलेलं नव्हतं.

ते पोष्टकारड, तुज्या फायलीतलं, ते आत्मूनंच टाकलं होतं. तवा होडी होती त्याच्याकडं. कुठं पेपरात तुमच्या केंद्राचा पत्ता छापून आला होता. रोज पोष्टमनला विचारायचा. वरसभर विचारलं, मंग सोडलं. होडी विकली. तुजं पयलं पत्र त्यानंच मला वाचून दाखवलं, नि त्या कारडाच्या ओळीला आला नि थांबला. म्हटलं, काय झालं रे? म्हणाला, "काय नाय. पोचलं होतं म्हणजे." एवढंच बोलला.

आता तारखेचं. तुजं पत्र त्यानं वाचलं. चुलीत घातलं, मी बघितलं. दोन दिवस गेले. मंग जेवता जेवता म्हणाला, "आई, ही तारीख साहेबाला सांगितली तर तो मला कायम करंल." मी म्हटलं, "ताईनं इश्वासानं लिवलंय." तो म्हणाला, "ताईच्या खटल्यानं कारखाना बंद पडला तर ताई मुंबईला हाय. आपुन कुठं जायचं? खाडीत? नि सांगितलं तर काय होईल, टाक्या धुतील. पाणी चार दिवस तरी साफ येईल. त्यात कोणाचं वाईट हाय?"

दमू, मी गप राहिले. त्याला हो म्हटलं नाय. पण नको पण म्हटलं नाय. त्याच्या ताटात भात वाढला. कायम झाला तर त्याचं लगीन होईल, एवढंच माज्या डोक्यात आलं. त्या वेळी मी नुसतं नको म्हटलं असतं, तर तो ऐकणारा होता. तुला ठाव हाय तो माजं ऐकायचा.

शनवारी जाताना म्हणाला, आज टाकी साफ करायचं काम हाय, उशीर होईल.

प्रतिज्ञापत्र देते. सगळं खरं लिहून देते, मी गप राहिले ते पण. तू ये नि लिहून घे.

तुजी मावशी


मुंबई,
३० जुलै १९९४

ति. मावशी,

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

तुझं पत्र मी दोन दिवस पिशवीत घेऊन फिरले. मग मॅडमच्या समोर ठेवलं. त्यांनी पूर्ण वाचलं. मी म्हटलं, तारीख मी कळवली होती. त्यांनी चष्मा काढून पत्रावर ठेवला. मग म्हणाल्या, "मला तुझा राग यायला पाहिजे. कार्ड माझ्याच कपाटात तीन वर्षं होतं, त्यामुळे येत नाही."

मी म्हटलं, आपण सगळं कोर्टात सांगू. मावशीचं प्रतिज्ञापत्र देऊ, माझंही देते. त्या म्हणाल्या, "देता येईल. पण अर्जदारांच्याच माणसानं कोर्टाची गुप्त तारीख फोडली, हे एकदा लिहून दिलं की समोरचे वकील दुसरं काही वाचणार नाहीत. एकतीस जणांची याचिका त्यात बुडेल. खाडीची आणि या दोन मृत्यूंची गाठ एकाच कागदावर बसली आहे. एक सोडवायला गेलं की दुसरं तुटतं." मी विचारलं, मग काय करायचं? "ते तू एकटीनं ठरवायचं नाही, मीही नाही. गावाला विचारायला हवं."

गावाला विचारायची वेळच आली नाही. परवा सुनावणी झाली. समितीचा अहवाल वाचला गेला : पाणी ठरलेल्या मर्यादेत, टाक्या सुस्थितीत. आमचे दहा नमुने जानेवारीचे, म्हणून जुने. मॅडम उभ्या राहिल्या, दोन माणसं त्याच टाकीत मेल्याचं सांगितलं. उत्तर आलं, त्या बाबीचा या याचिकेशी संबंध नाही, त्यासाठी योग्य ठिकाणी दाद मागावी. याचिका निकाली निघाली. सगळं मिळून अकरा मिनिटं. मी मागच्या बाकावर बसून घड्याळ बघत होते.

योग्य ठिकाण म्हणजे कामगार न्यायालय. तिथे पहिला प्रश्न येणार, तो कामाला होता हे कशावरून? नवशाच्या साक्षीवर सगळं उभं आहे. त्याला मी तीन पत्रं टाकली, उत्तर नाही.

मी काम सोडलं. मॅडम नको म्हणाल्या. पण तिथे बसून कोणाचं तरी म्हणणं लिहून घ्यायला हात उचलत नाही. समोरचा माणूस बोलायला लागला की मला वाटतं, याला सांगावं, माझ्याशी बोलू नका.

मावशी, तू लिहिलंस की तू गप्प राहिलीस. मी तर गप्पही राहिले नाही. मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी पत्र लिहिलं.

दमू


वरखाडी,
४ सप्टेंबर १९९४

चि. दमू,

काम सोडलंस ते वाचून वाईट वाटलं. तुजं पत्र धर्माजीच्या सुनेकडनं वाचून घेतलं, आता मी कोणापासून काय लपवत नाय.

मी खडकीपाड्याला जाऊन आले. धर्माजी सोबत आला. मनोरच्या पुढं एसटी सोडली, मंग दोन तास चाल. पावसानं वाट नासलेली, नदीला कमरेएवढं पाणी. तुला कळवलं नाय कारण तू नको म्हणाली असतीस. माज्या जिवाला चैन नव्हतं. ज्या बाईचा माणूस माज्या पोराच्या बोलण्यानं गेला, तिला ते ठाव नसावं, हे मला सहन होईना.

जिवल्याच्या बायकोचं नाव मंगळी. तुज्याहून लहान हाय. नाचणीच्या शेतात होती, कडेवर पोर. मी सगळं सांगितलं. माज्या पोरानं तारीख फोडली, म्हणून टाकी साफ करायला काढली, म्हणून तुजा माणूस उतरला. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं ती शिव्या घालंल, दगड मारंल. बरं झालं असतं. तिनं विचारलं, "माज्या मानसाला काढाया उतरला तो तुजाच का?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "त्याला तरी मेला नाय पायजे होता." नि पुन्हा खुरपायला लागली.

मंग नवशा घरी आला. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. मी म्हटलं, "बाबा, दमूनं तुला पत्रं टाकली. साक्ष दे, दोघं कामाला होते एवढंच सांग." तो पायाचा चिखल काढत बसला. मंगळीच बोलली. कारखान्याच्या मानसांनी जूनमधेच तिचा अंगठा घेतला. जिवल्या कामाला नव्हता, आपल्या मनानं आत गेला, असं त्या कागदावर हाय म्हणे. तिला वाचता येत नाय. त्याच्या बदल्यात नवशाला कायम केला.

दमू, जे माज्या आत्मूला पायजे होतं ते त्याला मिळालं. मला त्याचा हेवा वाटला नाय. मी त्याला विचारलं, "काम काय देतात?"

तो म्हणाला, "टाकी."

"तीच?"

"तीच. आता म्हयन्याच्या पयल्या मंगळवारी साफ करायची. साठवून ठेवायची नाय, असा साहेबाचा हुकूम हाय."

"उतरताना काय करतात?"

"नाकाला फडकं बांधतो. वल्लं करून."

"आणि दोर? कमरेला दोर बांधतात का? वर कोण उभं राहतं का?"

त्यानं माज्याकडं असं बघितलं की मी कायतरी नवलाचं विचारलं. म्हणाला, "दोर कोन देनार?"

मंगळी पोराला पाजत होती. तिनं मान वर केली नि मला विचारलं, "असं असतं का काय? दोर देयाचा असतो का?" मला सांगता आलं नाय. मी मासळी विकणारी बाई. मी म्हटलं, माजी पोर कायदा शिकलीय, तिला विचारून कळवते.

तर ते लिही. असा काय नियम हाय का, की टाकीत माणूस उतरवायचा तर दोर बांधला पायजे? असला तर कळव, मी त्यांना निरोप धाडीन. मंगळवार परवाच हाय, ह्या वेळी पोचणार नाय. पुढच्या वेळेपर्यंत पोचंल.

तुजी मावशी


मुंबई,
९ सप्टेंबर १९९४

ति. मावशी,

तुझं पत्र आज मिळालं. मंगळवार होऊन गेला. नवशा वर आला का, ते आधी कळव.

आहे. तसा नियम आहे. १९४८ सालापासून आहे. कारखान्यांच्या कायद्याचं छत्तिसावं कलम. खडकीपाड्याला निरोप जाईल म्हणून साध्या भाषेत लिहिते. ज्या टाकीत, खड्ड्यात किंवा बंद जागेत विषारी वायू असण्याची शक्यता आहे, तिथे आतली हवा आधी तपासून, माणसानं उतरायला हरकत नाही असं जाणकारानं लिहून दिल्याशिवाय कोणालाही उतरवता येत नाही. नाहीतर उतरणाऱ्याला श्वासाचं साधन दिलं पाहिजे. त्याच्या कमरेला पट्टा बांधला पाहिजे, पट्ट्याला दोर, आणि दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसानं हातात धरून ठेवलं पाहिजे.

एवढंच आहे. नवशाला म्हणावं, दोर माग. देणार नाहीत, मला माहीत आहे. तरी माग म्हणावं. आणि त्यांनी काढून टाकलं तर मला कळवायला सांग. मग मी काय करणार आहे ते मला आत्ता ठाऊक नाही, खोटं आश्वासन देत नाही.

हे कलम मला पुस्तक उघडून बघावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी कामगार कायद्याच्या पेपरात त्यावर पाच मार्कांची टीप लिहायला आली होती. पट्टा, दोर, बाहेरचा माणूस, सगळं मी बरोबर लिहिलं होतं. मला पाचपैकी पाच मिळाले.

दमू